सुभानदादाच्या विलायती कोंबड्या

सुभानदादाच्या खुराड्याला भलंमोठं पितळी कुलूप होतं. कोंबड्या पाळणारा माणूस चोरांसाठी कुलूप लावतो, हे मलाही कळतं. मुंगसासाठी साधी कडी पुरते. पण हे कुलूप ना चोरासाठी होतं, ना मुंगसासाठी. ते सुभानदादाने आपल्या बायकोसाठी लावलं होतं. किल्ली कमरेच्या करगोट्याला. अंघोळ करतानाही ती सुटायची नाही.

पस्तीस-छत्तीस सालच्या सुमाराची गोष्ट. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होतो आणि आईला घेऊन सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोटच्या वाटेला, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मध्ये निवडुंगाचं कुंपण, पलीकडे सुभानदादाचं रान. रान म्हणजे एक विहीर, चार लिंबाची झाडं आणि ज्वारीलासुद्धा उगवताना विचार पडावा अशी जमीन. घरात तो आणि त्याची बायको चंद्राक्का, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

रेल्वेच्या कुणा साहेबाची बदली झाली आणि त्याच्या मडमेने पाळलेल्या पांढऱ्याशुभ्र कोंबड्या विकायला निघाल्या. लेगहॉर्न जातीच्या. सुभानदादाने दुभती म्हैस मोडली आणि त्या कोंबड्या घरी आणल्या. तो त्यांना ‘लेगारनी’ म्हणे. मग त्याला चेव आला. निजामाच्या मोगलाईत जाऊन त्याने झुंजीच्या जातीचा एक असील कोंबडा पैदा केला. उंच तंगड्या, ताठ मान आणि नजर अशी, की समोरच्या माणसाचं काहीतरी चुकलेलंच आहे. त्याचं नाव त्याने मामलेदार ठेवलं.

“मास्तर, गावठी कोंबडी म्हंजे रजेवरचा कारकून,” तो मला सांगायचा. “चार दिस काम, म्हैनाभर आराम. लेगारनीचं तसं न्हाय. रोज हजेरी! खानदानी काम हाय.”

‘खानदानी काम हाय’ हा त्याचा ठरलेला शेरा. कोंबडीने उकिरडा उकरला तरी तोच. अंडी रेल्वेच्या बंगल्यांत जात, डॉक्टरने अशक्त ठरवलेल्या लोकांकडे जात, आणि जातिवंत पिलांना तर लांबून गिऱ्हाईक येई. एकदा एक लेगारनी कुंपण ओलांडून थेट आमच्या चुलीपाशी आली. आईने डोक्यावरून पुन्हा अंघोळ केली. सुभानदादा कुंपणाशी येऊन म्हणाला, “आई, तीबी सोवळ्यातलीच हाय की. रोज राखंत अंघोळ करती.” आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण या खानदानात एक खोट होती. लेगारनी अंडं घालते आणि मोकळी होते. त्यावर बसणं तिला ठाऊक नाही. पिलं काढायची तर खुडूक बसलेली गावठी कोंबडी लागते. आणि गावठी कोंबड्या होत्या चंद्राक्काच्या. माहेरून, कानडी बोलणाऱ्या मैंदर्गीहून आणलेल्या. त्यांतली तांबडी कोंबडी उबवण्यात नामांकित.

“मास्तर, तेवढी तांबडी मागा की,” सुभानदादा कुंपणावरून कुजबुजायचा.

“अहो, घर तुमचं, बायको तुमची—”

“मी मागितली तर तिला चढंल.”

चंद्राक्का दहा पावलांवर जोंधळे निवडत बसलेली असे. सगळं ऐकलेलं असे. ती माझ्याकडे बघून म्हणे, “मास्तर, सांगा तुमच्या दादास्नी. तांबडी इचारती, मडमंची लेकरं मी का म्हून संबाळू?” आणि हसून तांबडी द्यायची.

पिलं निघायची आणि चंद्राक्काच्या मागे चालू लागायची. पिलांचं सोडाच, त्या पांढऱ्या मडमाही तिच्या मागे जात. ती दारात आली, ओठांतल्या ओठांत काही बोलली, की सुभानदादाच्या पुढ्यातले दाणे टाकून सगळा कळप तिकडे. एकदा त्याने लांबच्या वारुळातली वाळवी मडक्यात भरून आणली. कोंबड्यांना वाळवी म्हणजे आपल्याला जिलबी. चंद्राक्का रिकाम्या हाताने बाहेर आली, आणि सुभानदादा मडकं घेऊन एकटा उभा राहिला.

तेव्हापासून तो जळू लागला. पेन्शनीतले एक फौजदार पिलांची जोडी घ्यायला आले आणि सहज बोलून गेले, “बाईंच्या हाताला गुण आहे बरं का!”

“विकायची न्हाय,” सुभानदादा म्हणाला. “पक्षी आजारी हाय.”

आजारी पक्षी त्या वेळी फौजदारांच्या बुटाच्या नाडीला चोची मारत होता.

त्या हिवाळ्यात शहरात शेतकी प्रदर्शन भरलं. सुभानदादा पटका बांधून गेला. लेगारनी पिंजऱ्यात अंग चोरून बसल्या, अधिकारी आले तेव्हा पाठ फिरवून बसल्या. मामलेदाराची तर मानच दिसेना. सुभानदादाने टाळ्या वाजवल्या, पिंजरा हलवला, कपाळाचा घाम पुसला. लांब बायकांच्या घोळक्यात चंद्राक्का उभी होती. ती पुढे आली, पिंजऱ्याशी वाकली, हळूच काही म्हणाली. कोंबड्या उठल्या, पिसं झाडली, आणि मामलेदाराने अशी बांग दिली की अधिकाऱ्यांच्या हातातली काठी पडली.

पहिलं बक्षीस मिळालं. ते देताना अधिकारी म्हणाले, “खरं म्हणजे हे या बाईंना द्यायला हवं.” मंडळी हसली, टाळ्या पडल्या. सुभानदादाही हसला, पण करपलेल्या भाकरीसारखं.

दुसऱ्या दिवशी पितळी कुलूप आलं.

“आजपास्नं माज्या कोंबड्यांजवळ यायचं न्हाय,” तो म्हणाला.

“बरं,” चंद्राक्का म्हणाली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. आठवडाभर ती त्या बाजूला फिरकली नाही. मग एके दिवशी तिने गाठोडं बांधलं, तांबडीला काखेत घेतलं आणि सर्व्हिस मोटारीने मैंदर्गीला भावाकडे निघून गेली.

पुढचे काही दिवस सुभानदादा मजेत असल्यासारखा वागला. मोठमोठ्याने कोंबड्यांशी बोलायचा. एका सकाळी मी कुंपणाशी दात घासत होतो, तर पलीकडे चंद्राक्काचं हिरवं लुगडं दिसलं. बरं वाटलं, आली म्हणून. जवळ गेलो तर पदराखाली मिशा.

“हसू नगा मास्तर,” लुगड्यातून सुभानदादा म्हणाला. “कोंबडीला कापडाची वळख असती.”

नव्हती. लेगारनी जागच्या हलल्या नाहीत, आणि मामलेदार उडून पदरावरच आला. सुभानदादाने त्याला झटकलं, अंगावरचं लुगडं काढलं. मला वाटलं, रागाने फेकून देईल. त्याने ते गुडघ्यावर नीट पसरलं, घडीला घडी लावली आणि छातीशी धरून आत नेलं.

त्याच दिवशी तो माझ्याकडे आला. “मास्तर, कोंबड्या झुरत्यात. अंडी बंद झाली. धंदा बसंल आता. शनवारी शाळा सुटली की मैंदर्गीला चला माज्यासंगं. तुमी बोला तिच्याशी.”

शनिवारी त्याला घ्यायला गेलो. तो पटका बांधत होता. कोपऱ्यात टोपली होती, अंड्यांनी शीगोशीग भरलेली. बंगल्यांवर पोचवलेलीच नव्हती ती. मी टोपलीकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही मोटार गाठायला निघालो.

मैंदर्गीला भावाच्या अंगणात चंद्राक्का शेंगा फोडत बसली होती. शेजारी तिची भावजय. भाऊ पुढे आला, आम्हाला घोंगडं अंथरून दिलं. चंद्राक्काने पाण्याचे तांबे आणून ठेवले, एक माझ्यापुढे, एक त्याच्यापुढे, आणि पुन्हा शेंगांना बसली.

मी घसा साफ केला. “चंद्राक्का, तिकडे कोंबड्या—”

“काय झालं कोंबड्यास्नी?”

“झुरत्यात,” सुभानदादा जमिनीकडे बघत म्हणाला. “अंडी बंद.”

मला ती भरलेली टोपली आठवली.

“कुलपात हायत की,” ती म्हणाली. “चांगल्या ऱ्हातील.” मग तिने सूप बाजूला सारलं. “मला एक सांगा. कोंबड्या माज्या मागं येत्यात, त्यात माजा काय गुन्हा? मी का त्यास्नी फितवती?”

“तुज्या मागं येत्यात त्येचं मला काय न्हाय.”

“मग जळता कशापायी?”

सुभानदादाने तांब्या उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं. मग एकदम बोलू लागला.

“त्यास्नी कानडीत हाका मारतीस. बा बंगारा, बा बंगारा! बा म्हंजे ये, बंगारा म्हंजे सोनं, एवडं कळतं मला. पांढऱ्या सगळ्या बंगारा. त्यो मामलेदार मला चोची मारतो, त्योबी बंगारा. अन् मला? लगीन झाल्यापास्नं मला आपलं ‘अवो’. अवो, भाकरी झालीया. अवो, सरपान संपलं. त्या आवाजात माज्याशी कदी बोलली न्हाईस तू. एकदाबी न्हाय.”

मी इतके महिने समजत होतो की हा माणूस बायकोवर जळतो. तो जळत होता कोंबड्यांवर.

चंद्राक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिचा चेहरा लालेलाल झाला होता. “नवऱ्याला कुणी असं म्हणतं व्हय? चारचौगांत?”

“कोंबड्यास्नी चारचौगांतच म्हंतीस की.”

भावजयीने तोंडात पदर कोंबला आणि आत पळाली.

चंद्राक्का उठली. सूप कमरेवर घेऊन आत निघाली. सुभानदादाच्या जवळून जाताना जरा थांबली, वाकली, आणि अगदी हळू कानडीत काहीतरी म्हणाली. मोठं वाक्य होतं. मला कानडी येत नाही. भावाला येत होती. त्याला एकाएकी खोकला आला आणि तो बैल बघायला गोठ्याकडे गेला.

सुभानदादाची मान कानापर्यंत तांबडी झाली होती. कुठे बघावं हे त्याला कळेना. त्याने समोरचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि डोळे मिटून घटाघटा प्यायला लागला. तांब्यात थेंबभरही पाणी नव्हतं.