देवरावभाऊंचं दार

आंजी गावात माझ्या शेजारी देवरावभाऊ राहतात. एकटेच. त्यांच्या घराचं पुढचं दार बंद झालेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या दारातून शेळ्या आत गेल्या, मतं मागणारे गेले. एकदा कुकर विकणारा गेला, तो वरण-भात खाऊन, झोप काढूनच बाहेर आला. भाऊ शेतावर गेले तरी दार सताड उघडं.

"भाऊ, चोर येईल," मी म्हणायचो.

"येऊ दे ना मास्तर. पानी तं पिऊन जाईन."

'पानी तं पिऊन जाय' हे त्यांचं पालुपद. मीटर पाहायला आलेल्या माणसालाही त्यांच्याकडे पोहे खाल्ल्याशिवाय आकडा दिसत नसे.

मागच्या हिवाळ्यात माझी भाची पल्लवी नागपूरहून चार मित्र आणि एक कॅमेरा घेऊन आली. तिला स्वतःचा सिनेमा काढायचा होता. गावासमोर तिनं गोष्ट सांगितली. सरपंचांनी विचारलं, "हिरोईन कोन हाये?"

"नाहीये, काका. दोन मुलांचं एकमेकांवर प्रेम आहे."

सरपंचांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "बरं. पण आपला ट्रॅक्टर दिसला पाह्यजे."

गोष्टीत एक मुलगा आपल्या जोडीदाराला घेऊन घरी येतो आणि त्याचा काका दार लावून घेतो. या काकासाठी पल्लवीला देवरावभाऊंच्या मिशा पसंत पडल्या. जन्मात कुणाला नाही न म्हणणारा हा माणूस तिला मात्र नाही म्हणाला. तीन दिवस ती त्यांच्याकडे पोहे खात राहिली, तेव्हा चौथ्या दिवशी कसेबसे कबूल झाले.

आता दारच लागेना! ते उंबऱ्यावर बसलं होतं, कडी गंजली होती. सुताराची सकाळ त्यातच गेली.

भाऊंना एकच वाक्य होतं: "या घरात तुले जागा नाई." पहिल्यांदा वाक्य म्हटलं आणि दार लावायचं विसरले. दुसऱ्यांदा लावलं आणि लगेच उघडून म्हणाले, "पानी तं पिऊन जा रे पोरंहो." सारं गाव हसलं. पाचव्यांदा दोघांच्या हातावर गूळ ठेवला. शेवटी पल्लवीनं हात जोडले. "भाऊ, एकदाच. खोटं खोटं."

सहाव्यांदा भाऊंनी दार लावलं. टाळ्या झाल्या, पण दार काही उघडेना. मी मागच्या अंगणातून आत गेलो. भाऊ कडीला हात लावून खाली बसले होते.

"एक डाव खरं लावलं होतं, मास्तर. माहा लहान भाऊ, सुधाकर, त्याच्या दोस्ताले घेऊन आलता. म्हणे आम्ही संगंच राहू. बाबा म्हणे, लाव कडी. म्या लावली. तो बाहेरून म्हणे, दादा, पानी तं दे." थोडं थांबून म्हणाले, "सुरतले हाये म्हणते लोकं. बाबा गेल्यावर कडी काढली, तं आजच लावली."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्या दाराची थट्टा केली होती. त्यांना हाताला धरून उठवलं आणि दार उघडलं.

पल्लवीनं सिनेमात ठेवला तो दुसऱ्यांदाचा, चुकलेला प्रसंग. शाळेच्या सभागृहात तो दाखवला तेव्हा लोक आधी हसले आणि मग वळून भाऊंकडे पाहू लागले. सरपंच मात्र ट्रॅक्टरवर खूश होते.

सुतारानं तासल्यापासून भाऊंचं दार वाऱ्यानंही लागतं, म्हणून त्यांनी त्याला पाटा टेकवून ठेवलाय. सिनेमा संपल्यावर त्यांनी पल्लवीला तिथंच, त्या पाट्याजवळ बोलावलं आणि आधी पाणी दिलं.

"पोरी, हा पिक्चर सुरतले लागन का?"

"लावते भाऊ. काहीही करून लावते."

"मंग आपल्या गावाचं नाव मोठं टाकजो," भाऊ म्हणाले. "आन खाली लिहिजो, दार उघडं हाये."