समेवरचं बोट

आमच्या दाराची बेल गजभिये माझ्या कुकरच्या शिट्टीबरोबर वाजवत. म्हणजे येऊन दाराबाहेर उभं राहायचं, आतली शिट्टी होईपर्यंत थांबायचं, आणि शिट्टी झाली की त्याच क्षणी बटण दाबायचं. साहजिकच मला बेल ऐकू यायची नाही. बाहेर माणूस ताटकळलेला आणि आत मी आपली डाळ शिजवतेय. एकदा मी विचारलं की अहो, सरळ मोकळी बेल का नाही वाजवत? तर म्हणाले, "असं मधेच कसं वाजवणार वहिनी? सम यायला नको?"

ही सम काय भानगड आहे ते आधी सांगून टाकते, कारण मलाही निम्मं आयुष्य ते माहीत नव्हतं. तबल्यावर ताल गोल फिरत असतो. फिरून तो पहिल्या जागी येतो, गाणाराही नेमका तिथेच येऊन टेकतो आणि समोरचे लोक माना डोलावत 'क्या बात है' म्हणतात, ती सम. गजभिये मैफलींचे फोटो काढतात. त्यांचा कॅमेरा जुना, बोट दाबलं की आमच्या बाथरूमच्या कडीसारखा खट् वाजणारा. शांत गाण्यात असा आवाज म्हणजे गुन्हाच. म्हणून त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं की बोट दाबायचं ते फक्त समेवर. तबल्याची थाप आणि लोकांची दाद यांत ते खट् बुडून जातं.

इथवर ठीक होतं. पण ती सम नंतर त्यांच्या अंगातच भिनली. लिफ्टची जाळी ते ओढतात तीसुद्धा कुठेतरी दुसरा आवाज झाला की मग. शिंक आली तर टाळ्या होईपर्यंत धरून ठेवतात, डोळ्यांत पाणी येतं पण शिंकत नाहीत. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे वंदना असते, तेव्हाही कॅमेरा वाजतो तो शेवटच्या 'साधु, साधु, साधु'मध्येच. सोसायटीतल्या एका लग्नाचे फोटो हौसेने काढायला गेले, तर मुलीच्या आईच्या हाती ढोलकवाल्याचे फोटो पडले. नवरानवरी? ते म्हणे तालात नव्हते.

गजभिये मूळचे नागपूरचे. सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर होते, आता निवृत्त होऊन दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, तीन वेळा ठरत आलं होतं, तिन्ही वेळा नेमकी कुठेतरी मैफल होती. नोकरीभर एकेक रजा साठवायची आणि गाणं असेल तिथे पळायचं. ग्वाल्हेर, धारवाड, जालंधर, कोलकाता, सगळा देश पालथा घातलाय, आणि बघितलं काय विचाराल तर काही नाही. बनारसचा विषय काढला की सांगतात, "तिथे स्टेजचा उजवा कोपरा अंधारा आहे." पाटण्याला म्हणे दुसऱ्या रांगेसमोर खांब येतो. आग्र्याला कितीदा गेले, ताजमहाल अजून बघायचाय. "तिथल्या हॉलचे दिवे फार पिवळे, वहिनी," एवढीच आग्र्याची माहिती.

नागपूरच्या पुतण्याने त्यांना मध्यंतरी बिनआवाजाचा नवा कॅमेरा घेऊन दिला. तो कपाटात पडून आहे. गजभियेंचं म्हणणं असं की आवाज होत नसला की माणूस कुठेही बोट दाबत सुटतो. आवाजाची भीती असली की थांबतो, आणि थांबला की ऐकतो.

गेल्या वर्षी त्यांचं काहीतरी बदललं. बाहेरगावी जाणं एकदम बंद झालं. का हो, तर म्हणे आता सगळे कलाकार दिल्लीतच येतात, यार, कशाला दगदग. बेलही शिट्टीशिवाय, मधेच, चक्क भलत्या वेळी वाजायला लागली. मला वाटलं, चला, सुधारले एकदाचे. आणि कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका हॉलमध्ये दर महिन्याला एक संस्था गाणं ठेवते, तिथे मला घेऊन जाण्याचा त्यांनी धोशा लावला.

आधी त्यांनी आमच्या ह्यांना नेऊन पाहिलं होतं. हे दुसऱ्या गाण्याला घोरायला लागले आणि तेही समेवर नव्हे. मग माझा नंबर. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा बाई मला म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव. आणि ते हॉलमधले दर्दी लोक तर बघवत नाहीत. सम आली की उजवा हात असा वर फेकतात, जसं काही सम ह्यांच्याच खिशातून निघाली. मी घरी येऊन त्यांच्या नकला करून दाखवायची.

पण गजभियेंनी पिच्छा सोडला नाही. माझी जागा ठरलेली, पहिली रांग, डावीकडची कडेची खुर्ची. दुसरीकडे बसू द्यायचे नाहीत. स्वतः स्टेजच्या लाकडी चौथऱ्याला खांदा लावून खाली जमिनीवर बसायचे. आणि मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हा मनुष्य स्टेजकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. कॅमेरा गायकाकडे रोखलेला, डोळा माझ्याकडे.

मी ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "बिल्कुल शक्य नाही." मला रागच आला. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम करोल बागेतून घेतलेली मोरपंखी साडी नेसून गेले. साठीला टेकलेल्या बाईकडे कुणी टक लावून बघत असेल तर साडी तरी बरी असावी, एवढाच माझा हेतू.

दिवाळीच्या साफसफाईत माझी मान धरली. डॉक्टरांनी गळ्याभोवती जाड पट्टा चढवला आणि दीड महिना मान हलवायची नाही म्हणून बजावलं. त्या महिन्याचं गाणं मी सोडणार होते, पण गजभियेंनी इतकी गळ घातली की पट्ट्यासकट जाऊन बसले.

एक वयस्कर गायिका होत्या. गाणं इतकं सावकाश की दोन समांच्या मध्ये मी उद्याची भाजी ठरवून परत आले. त्यांनी एक सूर लांबवला, सगळा हॉल श्वास धरून बसला होता, आणि खट्. सगळ्यांनी वळून पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा, सूर अजून हवेत असतानाच, खट्. तिसऱ्यांदा झालं तेव्हा बाई थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "भाईसाहब, पहले आप बजा लीजिए, मैं बाद में गा लूँगी।"

हॉल हसला. गजभियेही हसले, पण जरा उशिरा, बाकीच्यांची तोंडं बघून. मग त्यांनी कॅमेऱ्याला टोपण लावलं आणि गाणं संपेपर्यंत ते काढलं नाही. बाहेर पडताना संस्थेच्या सेक्रेटरींनी त्यांना बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की आता तुम्ही आरामात मागे बसून ऐकत जा, फोटोंचं आम्ही बघू.

परतीच्या मेट्रोत मी म्हटलं, माझी मान ठणकतेय. तर गजभिये म्हणाले, हो, लाइट चांगला होता.

मग रोज सकाळी ते माझ्या मानेची चौकशी करायला येऊ लागले. पट्टा कधी निघणार, डॉक्टर काय म्हणतात, थोडी तरी हलते का. चौथ्या दिवशी मी वैतागले. चहा पुढ्यात ठेवला आणि जरा मोठ्यानेच विचारलं की माझ्या मानेचं तुम्हाला एवढं काय पडलंय?

त्यांनी कप बशीसकट बाजूला सरकवला.

"मला ऐकू येत नाही, वहिनी," ते म्हणाले. "आधी तानपुरा गेला. मग तबल्याची बारीक अक्षरं गेली. डग्ग्याची थाप लाकडातून खांद्याला थोडी लागते, पण सावकाश गाण्यात तेवढ्यावर भागत नाही."

"मग फोटो कसे काढत होता?" मी आवाज न उतरवता विचारलं.

"तुमची मान बघून. समेवर हलते तुमची मान. एकदाही चुकली नाही."

मी म्हटलं, अहो, मला तर निम्मा वेळ झोप येत असते. तर म्हणाले, झोपेतही हलते.

म्हणजे ती मोरपंखी साडी फुकट गेली होती. त्याचं मला हसू आलं. कानाचं मशीन? ते लावून पाहिलं होतं, त्यातून तानपुरा मिक्सरसारखा ऐकू येतो म्हणे. मग जाताच कशाला हो, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"घरात ऐकू न येणं निराळं," ते म्हणाले. "तिथे निदान सगळ्यांबरोबर समेवर येता येतं. वर मी एकटाच असतो ना."

ते गेल्यावर मी सेक्रेटरींना फोन लावला. कानाबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण दिल्लीत इतकी वर्षं भाजीवाल्यांशी भांडून कमावलेली सगळी हिंदी वापरली. शेवटी ते म्हणाले, ठीक है, एकदा संधी देतो, पण मधे आवाज झाला तर तो शेवटचा.

खरी पंचाईत पुढेच होती. पट्टा निघायला अवकाश होता, म्हणजे मान नाही, हात वापरायला हवा; तसं गजभियेंना सांगून ठेवलं. आणि सम येते हे कळल्यापासून मला ती येईना. ओट्यावर फोन ठेवून गाणी लावायची आणि हात उडवून बघायची. कधी आधी, कधी नंतर. हे मागून म्हणाले, जळमटं झटकतेयस का? त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही. माझ्या हातून चुकलं असतं तर तो माणूस कायमचा वर जाऊन बसला असता.

पुढच्या महिन्यात सरोद होतं. गजभिये चौथऱ्याशी, मी माझ्या खुर्चीत. सेक्रेटरी मुद्दाम समोर उभे. वाजवणं सुरू झालं आणि मी मात्रा मोजायला लागले, अकरा झाल्या की तेरा तेच कळेना. गजभियेंचं बोट बटणावर आणि डोळे माझ्याकडे. असा डोळ्यांत जीव आणून माझ्याकडे कधी कुणी बघितलेलं नाही, ह्यांनीसुद्धा नाही. मी मोजणं सोडलं. म्हटलं, जे व्हायचं ते होवो, आणि नुसती ऐकत बसले. कुठूनतरी ते सगळं गोळा होऊन खाली यायला लागलं आणि माझा उजवा हात आपला आपण वर गेला. आख्ख्या हॉलसमोर, त्या दर्दी लोकांसारखाच. तबल्याची थाप पडली, लोक 'वाह' म्हणाले. खट् झालं असणार, पण मला ऐकू आलं नाही.

सेक्रेटरी थोड्या वेळाने जाऊन बसले.

पट्टा केव्हाच निघाला. मान हलते, पण गजभिये म्हणतात की हातच बरा, लांबून दिसतो. मध्यंतरात एक बाई मला आदराने विचारत होत्या, "आपने गाना सीखा है?" मी नाही म्हणून हात उडवला, तर पलीकडून खट्.

तेव्हापासून मी सांभाळून असते. गाणं चालू असताना हात मांडीवर ठेवायचा. केसांची बट तोंडावर आली तर येऊ दे, हातावर डास बसला तर चावू दे. उगाच हलवायचा नाही. तिकडे चौथऱ्याशी एक माणूस माझ्या हातावर नजर लावून बसलेला असतो.