उघडेलच डॉट कॉमचा सौदा

“मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, आणि आला तरी जाताना माझ्याकडून एक कुलूप विकत घेऊन जाईल!” असं किल्लीवाल्या काकू गल्लीत कोणालाही, कोणी न विचारता, सांगत. त्यात खोटं फारसं नव्हतं. शाळेच्या पायऱ्या त्या जशा चढल्या तशाच उतरल्या होत्या, पण कुलपांच्या दुकानाच्या गल्ल्यावर आयुष्य गेलेलं. दारातून आत येणारं गिऱ्हाईक किल्ली हरवून आलंय की बायकोच्या कपाटाची दुसरी किल्ली करून घ्यायला आलंय, हे त्यांना नुसत्या चपलांच्या आवाजावरून कळे.

अशा काकूंच्या डोळ्यांदेखत नवऱ्याचा शब्द चोरीला गेला!

काका जाऊन आता बरेच महिने झाले होते. जिवंत असताना कसलंही गंजकं, मोडकं, सासुरवाशिणीसारखं तोंड मिटून बसलेलं कुलूप समोर आलं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, “उघडेलच!” आणि ते उघडेच. धाकट्या मुलाने त्याच शब्दाचं इंटरनेटवर पान काढून दिलं होतं. उघडेलच डॉट कॉम. पानावर काकांचा फोटो होता, एक डोळा मिटून कुलपात डोकावतानाचा. दुपारी दुकानात सामसूम झाली की काकू थोरल्या सुनेचा फोन घेऊन ते पान बघत बसत.

“भिंतीवरच्या फोटोत फारच गरीब दिसतात गं,” त्या म्हणत. “यात आहेत तसे आहेत.”

एका दुपारी पान उघडलं तर काका गायब! पांढरंफटक पान आणि वर एकच ओळ, ‘हे नाव विक्रीला आहे.’

“विक्रीला?” काकूंचा आवाज समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन आदळला. “माणूस गेला म्हणून त्याचा शब्द बाजारात मांडायचा? कोण तो मेला?”

“आई, नाव कायमचं आपलं नसतं,” सून म्हणाली. “दरवर्षी त्याचं भाडं भरावं लागतं. त्याची आठवण बाबांच्या ईमेलवर यायची. बाबांच्या मागे ती वाचली कोणी? मुदत संपली, आणि कोणीतरी उचललं. भाऊजींना विचारलं असतं तर...”

“त्याचं नाव काढू नकोस!”

भाऊजी म्हणजे काकूंचा धाकटा. बाप गेल्यावर त्याने दुकानात बोट लावून उघडणारी कुलपं ठेवायचं काढलं होतं. काकू म्हणाल्या, “बिनकिल्लीचं कुलूप म्हणजे बिनजिभेची सासू. हवंय कोणाला?” शब्दाने शब्द वाढला आणि धाकटा दूरच्या शहरात, तसलीच कुलपं बनवणाऱ्या कंपनीत निघून गेला. तेव्हापासून आधी फोन कोणी करायचा यावर दोघं अडून बसलेले. “तो करेल,” काकू म्हणत. दुकानातल्या जुन्या काळ्या फोनवर धूळ बसते म्हणून त्या तो रोज पुसत. बाकीच्या दुकानावर धूळ बसलेली त्यांना चालत होती.

ते असो. नाव परत आणायचंच, असा काकूंनी पण केला. बातमी गल्लीभर केली, तर दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा गृहस्थाचा फोन आला. नाव माझ्याकडेच आहे म्हणाला, पैसे थेट पाठवा, लगेच देतो! काकू खूश होऊन पिशवी घेऊन बँकेत निघाल्या, तेव्हा सुनेने वाटेत आडवं पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

“आई, आधी पैसे दिले आणि त्याने नाव नाहीच दिलं तर?”

“त्याच्या घरी जाऊन बसेन.”

“घर कुठंय ते माहीत आहे?”

काकूंनी पिशवी खाली ठेवली.

“यावर एस्क्रो असतं,” सून म्हणाली. “मध्ये एक तिसरी कंपनी. आपण पैसे तिच्याकडे ठेवायचे. मग विकणाऱ्याने नाव आपल्याकडे द्यायचं. आपण तपासायचं. आपण ‘मिळालं’ म्हटलं की मगच कंपनी त्याला पैसे देणार. गडबड वाटली तर तक्रार करायची, पैसे तिथेच थांबतात.”

काकू म्हणाल्या, “म्हणजे ह्यांचंच काम की! भावाभावांचं तिजोरीवरून भांडण झालं की दोघं किल्ल्या ह्यांच्याकडे ठेवायचे. दोघं हसल्याशिवाय हे कोणाला देत नसत.” मग लगेच आवाज चढवून, “पण ती कंपनी तरी खरी कशावरून?”

“म्हणून मेलमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. पत्ता मी स्वतः टाइप करते.”

एस्क्रोचं नाव काढताच फोनवरचा गृहस्थ पसार झाला. मग सुनेने त्या कंपनीच्या खऱ्या पानावर जाऊन, नाव खरंच ज्याच्याकडे होतं त्या निनावी विक्रेत्याला निरोप पाठवायची तयारी केली. काकूंनी मजकूर सांगितला. “लिही. आधी जेवून घे, मग वाच. कारण वाचल्यावर तुझ्या घशाखाली घास उतरणार नाही. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाचा शब्द विकतोस, तुझ्या घरी आई नाही का?”

उत्तर आलं, ‘आई आहे. भाव करायला तिनेच शिकवलंय.’ आणि खाली असा भाव, की त्यात गल्ली विकत आली असती!

काकू पेटल्या. रोज सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आत त्यांचा पहिला प्रश्न, “त्या मेल्याचं काही आलं का?” मग दोघांची जुंपे. काकू त्याला उंदीर म्हणत, तो नम्रपणे थोडासा भाव उतरवे. काकू त्याला तळघरातली पाल म्हणत, तो आणखी उतरवे. एके दिवशी उत्तर आलंच नाही. काकूंनी त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं हाकलली आणि शिंप्याशी विनाकारण भांडल्या. संध्याकाळी हळूच म्हणाल्या, “सर्दीबिर्दी झाली असेल मेल्याला. लिही, आल्याचा काढा घे म्हणावं. आणि मग भाव उतरव म्हणावं!”

शेवटी सौदा ठरला. पैसे मधल्या कंपनीत जमा झाले. विक्रेत्याने नाव सुनेच्या खात्यात चढवलं. आता फक्त ‘मिळालं’ हे बटण दाबायचं.

“थांब!” काकू म्हणाल्या. “आपल्या दुकानाची रीत काय? किल्ली लावायची, फिरवायची, कुलूप हातात घेऊन उघडून बघायचं, मग ‘झालं’ म्हणायचं. उघड ते पान.”

पान उघडलं. कोरं.

“हे कुठंयत?”

“आई, आपल्याला नाव मिळालंय. पान वेगळं, नाव वेगळं. नाव म्हणजे दुकानावरची पाटी. आतला माल आपणच भरायचा.”

“मला पाटी घेऊन काय करायचीय?” काकूंचा आवाज एकदम खाली आला. “मला ते हवे होते.”

 काकूंनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग पूर्ववत गर्जल्या, “लिही त्या पालीला! रिकामी पाटी विकलीस! माणूस कुठे ठेवलास?”

उत्तर लगेच आलं, ‘ओरडून कुलूप उघडत नाही. तेल घाला आणि थांबा.’

काकूंच्या हातातला डबा खाली पडून किल्ल्या दुकानभर झाल्या. ते वाक्य काकांचं होतं! लग्न झाल्यापासून दिवसातून एकदा तरी काकूंना ऐकवलेलं!

“चोर! ह्याने नाव चोरलं, आता माझ्या नवऱ्याचं बोलणंही चोरलं! कर तक्रार!”

सुनेने तक्रार केली. मधल्या कंपनीने व्यवहार गोठवला आणि दोन्ही पक्षांना ओळखपत्रं घेऊन व्हिडिओवर समोरासमोर बोलावलं. काकू सुनेचा फोन गल्ल्यावर उभा करून, पदक घ्यायला आल्यासारख्या ताठ बसल्या. शिंपी आपलं मशीन थांबवून दारात आला.

पडद्यावर कंपनीच्या बाई आल्या. “खरेदीदार हजर आहेत. आता विक्रेते.”

दुसरी चौकट उजळली. आत धाकटा बसला होता.

“तू?” काकू म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून एकाक्षरी वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

“मीच,” धाकटा म्हणाला. “नाव सुटलेलं दिसलं, म्हणून दुसऱ्या कोणाच्या हाती लागायच्या आत मी पकडून ठेवलं. विक्रीची ओळ नावांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीने आपोआप लावली होती. मला विकायचंच नव्हतं गं.”

“मग मेल्या, मला सांगितलं का नाहीस?”

“तुझा पहिला निरोप आला तेव्हाच ओळखलं. शिव्या द्यायच्या आधी ‘जेवून घे’ म्हणणारं जगात दुसरं कोण आहे? सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशीपासून लिहायची थांबली असतीस.” तो जरा थांबला. “तू रोज लिहीत होतीस, आई.”

शिंपी खोकला. सून कोपऱ्यात राहिलेल्या किल्ल्या वेचायला वाकली ती वर आलीच नाही.

“आणि हे?” काकूंनी विचारलं.

“बाबांचं सगळं पान जपून ठेवलंय. फोटोसकट. आज चढवतो.”

“तक्रार मिटली असेल, तर खरेदीदारांनी ‘मिळालं’ म्हणावं,” कंपनीच्या बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. “तपासणीची मुदत आज संपते.” पडद्यावर धाकट्याच्या गालाशीच ते बटण चमकू लागलं.

“मुदत वाढवा!” काकू कडाडल्या. “हा स्वतः घरी येऊन, माझ्यासमोर बसून ते पान दाखवेल, चार दिवस राहील, मग बघू! आणि काय रे, गालाला काय लागलंय तुझ्या? तोंड धुतोस की नाही?” असं म्हणत त्यांनी गल्ल्यावरचं तेलाचं फडकं उचललं आणि धाकट्याचा गाल खसाखसा पुसला.

“आई, नको! बटण!” सून ओरडली.

धाकटा नाहीसा झाला. पडद्यावर तेलाच्या ओघळाखाली हिरवी अक्षरं उमटली, ‘माल मिळाल्याची नोंद झाली. व्यवहार पूर्ण. धन्यवाद.’

काकू फडकं हातात धरून तशाच बसल्या. “गेला?”

“सौदा संपला ना. आता निरोपाची खिडकीही बंद.”

तेवढ्यात काळा फोन वाजला!

सून धावली. “थांब!” काकूंनी हात आडवा घातला. “लगेच उचलला तर वाट बघत होते असं वाटेल त्याला. जरा वाजू दे.”

फोन वाजला, वाजला, आणि बंद पडला.

“अगं, बंद झाला!” काकूंनी रिसीव्हर झडप घालून उचलला आणि जन्मात पहिल्यांदा आपण होऊन धाकट्याचा नंबर फिरवला. नंबर त्यांना पाठ होता, हे पाहून सुनेने तोंडावर हात ठेवला. एंगेज! पुन्हा फिरवला. एंगेज!

“कोणाशी बोलतोय हा मेला इतका वेळ?”

“तुमच्याशीच, आई,” सून म्हणाली. “तेही तिकडून लावतायत. खाली ठेवा बघू. तेल घाला आणि थांबा.”

काकूंनी रिसीव्हर ठेवला, आणि ठेवता ठेवता वाजलेला पुन्हा उचलला. सुनावण्यासारखं इतकं साठलं होतं की कुठलं आधी काढावं ते त्यांना कळेना.

“आधी जेवलास का ते सांग,” त्या म्हणाल्या, “मग बोलते तुझ्याशी!”