सतरावं पाऊल

कोणतीही विद्या टिकते ती गुरूमुळे, आणि फोफावते ती गुरूच्या पश्चात. गुरू हयात असेपर्यंत तिला एकच फांदी असते, कारण शंका आली तर विचारायला माणूस असतो. ही अडचण दूर झाली की प्रगतीला वेग येतो.

ओकिनावातल्या याबिकु गुरुजींच्या कराटेचंच पाहा. गुरुजी गेले तेव्हा एक शाळा होती आणि चाळीस शिष्य. आज बत्तीस वर्षांनी मूळ याबिकु, शुद्ध मूळ याबिकु, आद्य याबिकु आणि याबिकु ऐक्य महासंघ (यातून नुकतेच पाच जण बाहेर पडले) अशा चार शाखा आहेत. सभासद एकूण साठ, पैकी सर्वोच्च गुरू अकरा. म्हणजे साडेपाच माणसांमागे एक सर्वोच्च गुरू पडतो. इतकं वैयक्तिक लक्ष दुसऱ्या कुठल्या शिक्षणात मिळतं?

मतभेद मात्र एकच आहे, आणि तोही वीतभर. गुरुजींचा ‘काता’, म्हणजे क्रमाने करायच्या हालचाली, बेचाळीस पावलांचा. त्यातलं सतरावं पाऊल मूळवाले आखडतं घेतात आणि मान उजवीकडे वळवतात. शुद्ध मूळवाले ते पूर्ण टाकतात आणि मान सरळ ठेवतात. (आद्य शाखा पाऊल पूर्ण टाकून मान वळवते. महासंघात काहीही चालतं, म्हणून तिथे कोणी फिरकत नाही.) आखडत्या पावलावर तीनशे पानांचा ग्रंथ आहे, त्यानुसार मान वळवणं म्हणजे अदृश्य शत्रूची चाहूल घेणं. शुद्ध मूळवाल्यांनी त्याला चारशे पानी उत्तर दिलेलं आहे.

मूळ शाखेचे प्रमुख योनामिने सेईतोकु, वय एकाहत्तर. शुद्ध मूळचे प्रमुख गुशिकेन चोबुन, वय त्र्याहत्तर. दोघं एकाच गल्लीत राहतात आणि तरुणपणी एकाच ताटात जेवलेले आहेत. गेली तीस वर्षं मात्र त्यांचा व्यवहार नियमावलीप्रमाणे चालतो: दुकानात गाठ पडल्यास मान पंधरा अंश झुकवावी, हवामानावर बोलावं, पावलांचा विषय टाळावा. वादाच्या वर्षी योनामिनेंनी आपल्या शाळेच्या भिंतीवरची गुशिकेनच्या नावाची लाकडी पट्टी उलटी करून टाकली. (काढली नाही, उलटी केली. दर शनिवारी ती पुसतात. धूळ कुणाच्याही नावावर वाईटच.)

यंदा गुरुजींचं तेहतिसावं श्राद्ध आलं. आमच्याकडे ओकिनावात हे शेवटचं. यानंतर मेलेला माणूस पूर्वजांत मिसळून देव होतो, आणि त्याच्या नावाने पुन्हा कोणी जमत नाही. योनामिनेंना घाई झाली ती यामुळे. त्यांना गुशिकेनच्या शेजारी उभं राहून तो काता एकदा, फक्त एकदा करायचा होता, आणि यापुढे दोघांना एका अंगणात आणणारं निमित्तच उरणार नव्हतं. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. अधिकृत पत्रात फक्त ‘संयुक्त सादरीकरणाची शक्यता तपासावी’ असं कळवलं. उलट टपाली ‘शक्यता तपासण्यास हरकत नाही’ असं उत्तर आलं. ते त्यांनी चार वेळा वाचलं.

समितीच्या नऊ बैठका झाल्या. सतरावं पाऊल परस्परसंमतीने गाळावं आणि सोळाव्यानंतर थेट अठरावं टाकावं, असा तोडगा निघाला. सरावात उजव्या पायापाठोपाठ उजवाच पाय टाकण्याची वेळ आली आणि सात सर्वोच्च गुरू पडले. (जखमी दोन, दोघंही आद्य शाखेचे, त्यांचं निषेधपत्र इतिवृत्ताला जोडलं आहे.)

श्राद्धाच्या दिवशी सगळे अंगणात जमले तरी पेच सुटला नव्हता. शेवटी योनामिने गुरुजींच्या लेकीकडे गेले. कामेताई ऐंशीच्या. लहानपणापासून त्या याच अंगणात वावरलेल्या, पण बत्तीस वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे पट्टा नव्हता.

“ताई, गुरुजी सतराव्याला नेमकं काय करायचे?”

कामेताई उदबत्त्या लावत होत्या. “कुठल्या वर्षी?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“अरे, एक वर्ष त्या कोपऱ्यात बकरी बांधलेली होती. पाय लांब टाकला की ढुशी मारायची मेली. म्हणून बाबा पाऊल आखडायचे आणि तिच्यावर डोळा ठेवायचे. मग घराचं छप्पर चढलं तेव्हा गावाला तिचाच रस्सा वाढला. त्यानंतर कशाला आखडतील?”

बकरीच्या वर्षी योनामिने इथे शिकत होते आणि गुशिकेन ओसाकाच्या कारखान्यात होते. ते परतले तोवर रस्सा संपला होता. पुढे दोघांनी आपापलं पाऊल गुरुजींना करून दाखवलं होतं, आणि गुरुजी दोघांनाही “हं” म्हणाले होते. अंगणात सातशे पानं गप्प झाली.

गुशिकेननी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं. “सेईतोकु, चल, उभा राहा,” ते म्हणाले.

“दादा, तुम्ही पुढे व्हा.”

“शेजारी उभा राहा म्हटलं.”

सोळा पावलं एका श्वासात झाली. सतराव्याला योनामिनेंनी मनाशी ठरवलं, दादासाठी पूर्ण टाकायचं. गुशिकेननीही ठरवलं होतं, सेईतोकुसाठी आखडायचं, मानसुद्धा वळवायची. त्यामुळे योनामिने वीतभर पुढे गेले, गुशिकेन वीतभर मागे राहिले, आणि उजवीकडे मान वळवल्यावर त्यांना बकरीच्या जागी योनामिने दिसले. दोघं असे हसत सुटले की उरलेली पंचवीस पावलं राहूनच गेली.

संध्याकाळी गुशिकेननी योनामिनेंच्या शाळेत येऊन आपली पट्टी स्वतःच्या हाताने सरळ केली. “तुझीही माझ्याकडे उलटीच आहे,” ते म्हणाले. “मी बुधवारी पुसतो.”

शिष्य मात्र मागे उभे राहून सगळं बारकाईने टिपत होते. आठवड्याच्या आत ‘सुधारित मूळ’ (पाऊल पूर्ण) आणि ‘सुधारित शुद्ध मूळ’ (पाऊल आखडतं) या शाखा स्थापन झाल्या. तिसरी, ‘अजा याबिकु’, शाळेच्या कोपऱ्यात खरीखुरी बकरी बांधते. दहाव्या दिवशी तिच्यात फूट पडली, कारण मूळ बकरी पांढरी की काळी यावर एकमत होईना. कामेताईंना विचारलं, तर रश्शात दवण्यासारखा पाला घातला होता एवढंच आठवतंय म्हणाल्या.

या हकिकतीत बकरीचा रंग आम्ही कुठेही दिलेला नाही. वाचकाने तो केव्हाच देऊन टाकलेला आहे. ज्यांना ती पांढरी दिसली, त्यांचं स्वागत आहे. बाकीच्यांशी आम्ही हवामानावर बोलू.