अकरा मार्गदर्शकांचा इनास

तरुण माणसाला मार्गदर्शनाची नितांत गरज असते, ही गोष्ट तरुण माणूस सोडून सर्वांना मान्य आहे.

आमच्या क्रुसवाडीला ती १९८४ साली मान्य झाली. फादर पुण्याच्या एका शिबिराहून परतले ते एक योजना घेऊनच. चर्चमधल्या एका अनुभवी पुरुषाने चार-पाच तरुणांचा लहान गट करायचा. आठवड्याला एकदा जमायचं, एक गीत म्हणायचं, शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा आणि मग मन मोकळं करायचं. पुण्यात योजना यशस्वी झाली होती. (पुण्यात तरुण आहेत.)

रविवारी मिसेच्या प्रार्थनेनंतर फादरनी विचारलं, मार्गदर्शन कोण करील? अकरा हात वर झाले. मार्गदर्शन कोण घेईल? एक हात वर झाला. तो इनासचा होता, आणि त्याच्या मानेवर गांधीलमाशी बसली होती असं तो अजून सांगतो. बाकीचे तरुण मुंबईत, बोटीवर किंवा आखातात होते. इनास होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, म्हणून गावाने त्याला जाऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या एखाद्या गावाने दहा मार्गदर्शकांना घरी पाठवलं असतं. पण आमचं गाव रापणीचं. जाळं समुद्रात टाकून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचं, आणि ज्याचा हात दोरीला लागला त्याला माशांचा वाटा, हा आमचा रिवाज. एखादा म्हातारा दोरीला नुसता टेकून उभा राहिला तरी त्याचा वाटा चुकत नाही. तेव्हा इनासला हात लावायला आलेल्या कोणालाही नको म्हणणं रिवाजाला सोडून झालं असतं. अकराही जण ठेवण्यात आले. पुण्याच्या योजनेत एकास पाच असं प्रमाण होतं. आम्ही ते अकरास एक असं सुधारलं.

विषयवाटप गुणवत्तेनुसार झालं. 'संयम' मिंगेलकडे गेला. तो बोटीवर आचारी होता आणि मारामारीपायी तीन बोटींवरून उतरवला गेला होता, म्हणजे विषय त्याला दोन्ही बाजूंनी माहीत होता. 'वैवाहिक जीवन' बेनितोकडे. तो आजन्म अविवाहित असल्याने त्याचं मत निःपक्षपाती समजलं गेलं. 'धैर्य' अर्थातच पास्कू तांडेलकडे; भर समुद्रात होडीचा हुकूम त्याचा चालायचा. उरलेल्या आठ जणांनी 'सर्वसाधारण' हा विषय घेतला आणि सर्वांत जास्त वेळ तेच बोलले.

नियम एकच होता: गटात बोललेलं गटाबाहेर न्यायचं नाही. दहा जणांनी तो आपापल्या बायकोपुरता शिथिल केला (अविवाहित बेनितोने बहिणीपुरता). पास्कूने मात्र तंतोतंत पाळला. तांडेल माणूस, दिलेला शब्द मोडायचा नाही.

धैर्याच्या बैठकीत पास्कूने इनासला सांगितलं की मनात असेल ते पुरुषाने समोरासमोर बोलावं. इनास उभा राहिला.

"पास्कूबाब, तुमच्या लुर्दीनशी माका लगीन करूचा आसा."

पास्कूचे डोळे भरून आले. आपल्या शिकवणीचं फळ इतक्या लवकर पदरात पडलेला मार्गदर्शक क्वचितच असेल.

"शाबास रे. असो दम व्हयो. आता ह्याच जावन तिच्या बापाशीक सांग."

"बापूस तुमीच मां?"

"हयसर मी मार्गदर्शक. बापूस घराक आसा."

पास्कूचं बरोबर होतं. गटात कळलेली गोष्ट तो घरी नेऊ शकत नव्हता, आणि स्वतःला सोडून घरी जाणंही शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी इनास इस्त्रीचा शर्ट घालून पास्कूच्या घरी निघाला. त्याला एकटं कसं सोडायचं, म्हणून वाटेत चौघे मार्गदर्शक सोबत झाले. इनासने ओसरीवर तोंड उघडलं तेव्हा बेनितोने आठवण करून दिली की दोघे-तिघे जिथे जमतात तिथे प्रभू असतो, आणि प्रभू आहे तिथे बैठक आहे. बैठक झाली. इनास जे बोलला ते गटातलं ठरलं.

पुढे त्याने रापणीवर प्रयत्न केला. तिथे तर मार्गदर्शकांचं अख्खं मंडळ दोरीला होतं. शेवटी इंजिन तपासायच्या निमित्ताने त्याने पास्कूला होडीतून खोल पाण्यात नेलं. किनारा दिसेनासा झाल्यावर तो बोलणार, एवढ्यात ताडपत्रीखाली झोपलेला मिंगेल उठून बसला. सुरुवात गीताने झाली.

दरम्यान कुवेतच्या एका मुलाचं स्थळ आलं. मुलाचा बाप कोणत्याच गटात नव्हता, त्यामुळे त्याने पास्कूला सरळ विचारलं आणि पास्कू सरळ "बघूया" म्हणाला. मुलगा नाताळात येऊन साखरपुडा उरकणार होता. नाताळ आला की इनासचा विषय संपणार, हे मंडळालाही कळत होतं, म्हणून बैठका वाढवण्यात आल्या. मिंगेलचा गट 'आज बोल' म्हणून एका टोकाने ओढत होता, बेनितोचा गट 'थांब' म्हणून दुसऱ्या. मध्ये इनास वाळला.

मंडळ पुरुषांचं असल्याने लुर्दीनला कुठलाच नियम लागू नव्हता. एका दुपारी ती होड्या ठेवायच्या मांगरात आली. इनास इंजिनाखाली होता.

"गावभर सांगत फिरतंस. माका विचारलंस?"

इनासने खूप आठवून पाहिलं. "नाय."

"मगे विचार."

त्याने विचारलं. ती हो म्हणाली आणि तशीच त्याला घेऊन फादरकडे गेली. मुलगी सज्ञान, मुलगा राजी. फादरनी पुढच्या रविवारी मिसेत लग्नाची पुकार वाचली: अमक्याचा विवाह अमकीशी, कोणाची हरकत असल्यास कळवावी.

पास्कू पहिल्या बाकावरून उठला. चेहरा लाल.

"माका कोणी सांगूकच नाय."

मागच्या बाकावरून मिंगेलने त्याचा सदरा खाली ओढला. "बस रे पास्कू. गटातली गोष्ट गटात."

पास्कू बसला. नियम पाळणारा तोच तर एकटा होता.

लग्नात अकराही मार्गदर्शक मांडवात वरबापाच्या शेजारी बसले आणि प्रत्येकाने डुकराच्या मांसाचा मानाचा वाटा नेला. वर्षअखेरच्या अहवालात फादरनी लिहिलं: तरुण एक, यश शंभर टक्के. एवढा निकाल पुण्याचाही नव्हता. मुलीला विचारून बघ, हा सल्ला चार विषयांपैकी कोणत्याच विषयात येत नसल्याने तो कोणी दिला नव्हता, याची नोंद अहवालात नाही.

लग्नानंतर इनास आणि लुर्दीन वेंगुर्ल्याला गेले. गावातली इंजिनं बंद आहेत. मंडळ मात्र चालू आहे. हे वाचताना आपणही इनासला मनातल्या मनात एखादा सल्ला दिला असेलच. आमच्याकडे सभासद व्हायला तेवढं पुरतं. बैठक शुक्रवारी असते. तरुण नाही.