गंगूची तसबीर

आमचे शेजारी तात्या खिशात पाकीट ठेवत नसत, सुतळी ठेवत. तिला जागोजाग गाठी मारलेल्या. एक गाठ शिंगाची, एक कानाची, एक कपाळाच्या रुंदीची. सगळी मापं गंगूची, आणि गंगू म्हणजे पाचोडला भावाच्या गोठ्यात ठेवलेली त्यांची म्हैस. उस्मानपुऱ्यात मुलाकडे राहायला आल्यापासून जो भेटेल त्याच्यासमोर ते सुतळी ताणून धरत. "बघा मास्तर, येवढं शिंग. हाय का कुणाच्या म्हशीचं?" मी शाळेत गणित शिकवतो, पण असलं गणित मला कुणी कधी घातलं नव्हतं.

एका सकाळी ते धापा टाकतच आले.

"मास्तर, ठरलं. गंगूची तसबीर काढायची. थकली आता ती. कधी जाईल नेम नाय. भितीवर तरी राहील."

मी म्हटलं, फोटो काढून घेऊ. तर उखडले. "फोटोत नुसती म्हैस येती. मला गंगू पायजे."

आमच्या चौकातला रशीद पेंटर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. म्हैस कशी आहे, एवढंच त्याने विचारलं, आणि तात्या सुरू झाले. अर्ध्या तासाने रशीदने हात जोडले. "तात्या, मेरेकू एक बार दिखा दो. फिर बनाता मैं."

रविवारी आम्ही तिघं एसटीने पाचोडला निघालो. मुलगी बघायला निघावं तशी तात्यांची घाई. नवं धोतर नेसलेले, कंडक्टरलाही सुतळी दाखवून झालेली. गोठ्यात पोचताच त्यांनी गंगूला घासून धुतलं आणि वाटीभर तेल चोपडलं. "पावणे आल्यावर जरा बरं दिसाय पायजे." ऊन पडलं आणि गंगू अशी चकाकली की रशीद डोळे मिचकावत म्हणाला, "तात्या, इसमें तो मैंच दिखरा." शेवटी तात्यांनीच तेलावर राख चोळली. सगळं मुसळ केरात.

रशीदने फळी मांडली. तात्यांनी सुतळीची दोनदा घडी घातली आणि प्रत्येक माप चौथाईवर आणून दिलं. आमच्या वर्गातल्या पोरांना जे वर्षभर जमत नाही ते त्यांनी दोन मिनिटांत केलं. पण रशीदचा हात पडला सिनेमाचा. बघता बघता गंगूला लांब पापण्या आल्या, गालावर गुलाबी झाक आली.

"आरं, ही नाचाय चालली व्हय?" तात्या भडकले. पापण्या पुसल्या, गाल काळे झाले. दुपारपर्यंत खरोखरच गंगू फळीवर उतरली. तात्या लहान पोरासारखे फळीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून फळीपर्यंत खेपा घालत होते. "लई भारी. हीच. हीच ती."

रशीद कोपऱ्यात नाव टाकणार, तेवढ्यात तात्या घरात गेले आणि ट्रंकेतलं हिरवं लुगडं घेऊन आले.

"कासंपाशी एक माणूस बसव. हे नेसलेलं. धार काढायलंय असं."

"कौन, चाची?"

तात्या गंगूच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुमची काकू गेली अन् हिनं पान्हा चोरला. कुणालाच हात लावू देईना. मग मी हेच लुगडं डोक्यावरून घेऊन बसायचो. गाव हसायचं. शहरात येईस्तोवर रोज अशीच धार काढली मी."

मलाही हसू आलं. मी विचारलं, "मग फसली म्हणायची गंगू?"

"छ्या. पयल्याच दिवशी वळखलं तिनं. लुगडं हुंगलं, माझा हात चाटला, अन् पान्हा सोडला." त्यांनी गंगूच्या पाठीवरची राख तळव्याने पुसली. "खरं सांगू का मास्तर, काकू गेल्यावर माझ्यापाशी येवढा येळ दुसरं कुणी उभंच राहिलं नाय."

माझं हसू तिथंच विरलं. रशीदने हिरवा रंग कालवला. फळीवर लुगडं उतरलं, बांगड्या उतरल्या. मग ब्रश थांबला. "तात्या, चेहरा किसका बनाऊँ? आपका, कि चाची का?"

"तोंड नको काढू. पदर खाली वढ," तात्या म्हणाले. "कोण बसलंय ते गंगूला ठाऊक हाय."

रशीदने पदर हनुवटीपर्यंत ओढला. मला तात्यांकडे बघवेना, म्हणून मी गंगूकडे बघत उभा राहिलो.