दौलूआप्पांची विहीर

दरबारनं आमच्या गल्लीतून, विहिरीपासून थेट दौलूआप्पांच्या दारावरून पक्की सडक काढली, आणि त्या दिवसापासून आप्पा सडकेच्या कडेनं चालू लागले. पायात बाभळीचे काटे मोडायचे, धोतर चिखलानं भरायचं, पण सडकेवर पाऊल नाही. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले,

"मास्तर, उद्या म्हाराजांनी इचारलं, सडक कुणाच्या पायतानानं झिजली, तर तुमी जाणार काय जाब द्यायला?"

महाराजांवर राग नव्हता हं. स्वारी दिसली की पागोटं सावरून पहिला मुजरा आप्पांचा. वाकडं होतं ते दरबारच्या पैशाशी. "घेतलं की मिंधं झालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी तंबाखूची चिमूट पुढं केली तरी घाईघाईनं स्वतःचीच चंची उघडायचे.

अशात दरबारचा निरोप आला, की गल्लीच्या विहिरीला दगडी बांधकाम करून देतो, दरसाल गाळही आमचेच मजूर काढतील. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचं, दोर ओढून बायकांचे हात सोलून निघायचे. मारुतीच्या देवळात बैठक बसली. सगळे खूश. आप्पा तेवढे उभे राहिले.

"इहीर आपली हाय. गाळ आपुनच काढायचा."

"आप्पा, शेतसारा आपुनच भरतोय की! पैसा आपलाच हाय," शेजारचा सखाराम म्हणाला.

"दिल्याला पैसा परत मागतोस व्हय रं? लाज हाय का न्हाय?"

सगळे हसले आणि पैसा घ्यायचं ठरलं. माझंही मत तेच होतं. अजून आहे.

तोवर दरसाल जोतिबाची चैत्री यात्रा झाली की गल्लीतले सगळे बाप्ये विहिरीत उतरत. गाळ निघाला की आप्पांच्या सोप्यात मटणाचं जेवण, खर्च आप्पांचा. बांधकामानंतरच्या चैत्रात मजूर आले आणि काम उरकून गेले. दुपारी मी सहज आप्पांकडे डोकावलो. सोप्यात नेहमीसारख्या पत्रावळी मांडलेल्या, चुलीवर भलंमोठं पातेलं, आणि आप्पा एकटेच भिंतीला टेकून बसलेले.

"बसा की मास्तर. रस्सा लई झालाय."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वर्षातून एकदाच त्या घरात पंगत बसते, हे दरसाल तिथं जेवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. जेवलो, आणि संध्याकाळी सखारामच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

पुढच्या चैत्रात मजूर गाळ काढून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टोपल्या घेऊन पुन्हा विहिरीत उतरलो. गाळ म्हणायला मूठभरही नव्हता. सखारामनं तर काठावरचीच माती पायाला फासून घेतली होती.

आप्पा आले. काठावरून वाकून पाहिलं. खालचा तळ स्वच्छ दिसत होता.

"यंदा गाळ लई हाय की रं," एवढं म्हणाले आणि चूल पेटवायला निघाले. घाईत होते, सडकेवरूनच गेले.